शब्दकोशाचा जुळता संच घ्यावा, की सुटे विभाग जमवावेत?

दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ घरात हवा असं मनानं घेतलं की पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. सात विभाग आणि पुरवणी मिळून पुस्तकं आठ. ती एका रंगाची, एका उंचीची, एका हातानं बांधलेली घ्यायची, की मिळेल तिथून, मिळेल त्या अवस्थेत एकेक गोळा करायची? नुसता शब्द बघायचा असेल तर शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशांमध्ये हा कोश आहे. मीही घाईत तिथेच बघतो. पण ज्याला तो फळीवरच हवा आहे, त्याला माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. काही वर्षं हे दोन्ही प्रकार माझ्याकडे शेजारी शेजारी होते.

जुळता संच मला बंद पडलेल्या एका वाचनालयाकडून मिळाला. आठही खंडांना काळं रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं, विभागाचा आकडा सगळीकडे एकाच उंचीवर. घरी आणून फळीवर लावले त्या संध्याकाळी मी तीन-चार वेळा दिवा लावून नुसता बघून आलो. हे सुख खरं आहे, त्याला कमी लेखू नये. संच पुरा झाला की मन स्वस्थ होतं. फळीवर भोक असलं की नजर पुस्तकांवर टिकत नाही, भोकावर जाते. शिवाय सोय आहेच. आकडा ठरलेल्या जागी असल्यानं न बघताही हात बरोबर विभागावर पडतो. एका दिवसात सगळा कोश घरी येतो.

सुटे विभाग जमवायला मला सात वर्षं लागली. पुण्यात जुना बाजार बुधवार-रविवार भरतो, तिथे दोन मिळाले. अप्पा बळवंत चौकात एक, मुंबईत किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर एक. बाकीचे कुणाची घरं रिकामी होताना. एकाला मूळ कापडी बांधणी, एक लाल, एकाची पाठ निखळलेली, एकाला जुन्या कॅलेंडरचं कव्हर. तिसरा विभाग चुकून दोनदा घेतला गेला. पुरवणीसाठी सगळ्यात जास्त पैसे मोजले, कारण माझ्याकडे फक्त तीच नाही हे मी दुकानदाराला आधीच सांगून बसलो होतो. शेवटचा खंड शोधताना तो शेवटचा आहे हे बोलू नये, एवढं तरी लक्षात ठेवा.

आता मला खटकलेली गोष्ट. काळा संच उघडा राहत नव्हता.

कोश आपण कादंबरीसारखा हातात धरून वाचत नाही. तो टेबलावर उघडा पडलेला असतो, शेजारी वही असते, आणि एका शब्दावरून दुसऱ्याकडे जाताना मधलं पान तसंच उघडं लागतं. मूळ बांधणीत फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, घडीतून शिवलेले असतात, त्यामुळे पुस्तक मधोमध उघडून ठेवलं की तसंच पसरून राहतं. वाचनालयाच्या बाइंडरनं मात्र टिकाऊपणासाठी सगळे फर्मे एकत्र दाबून बाजूनं आरपार टाके घातले होते. शंभर हातांतून जाणाऱ्या पुस्तकाला ती बांधणी योग्यच असेल. माझ्या टेबलावर मात्र हात काढला की पुस्तक मिटायचं. मी खलबत्त्यातला बत्ता आडवा ठेवून काम करत असे.

तेवढंही चाललं असतं. पण बाजूचे टाके आतला समास खातात, आणि शिवणीकडच्या ओळींची टोकं घडीत जातात. या कोशात नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती असते, उदाहरणापुढे ग्रंथाचं संक्षिप्त नाव आणि ओवीचा आकडा असतो. ‘ज्ञा’ दिसायचं, अध्याय दिसायचा, ओवीचा आकडा शिवणीत. शब्द कुठल्या भागातला हे सांगणाऱ्या (को.), (गो.), (व.) अशा खुणाही कधी कधी तिथेच अडकायच्या. कोकणातला शब्द की गोव्यातला, एवढ्यासाठी मी पान बॅटरीच्या उजेडात वाकवून बघितलंय. प्रत्येक पानावर असं होत नव्हतं. पण जेव्हा व्हायचं तेव्हा मी न ठरवताच उठून सुट्यांपैकी तोच विभाग काढायचो. वर्षभरात काळ्या संचावर धूळ बसली आणि कॅलेंडरच्या कव्हराचा खंड रोज हाताळून मऊ झाला.

जुळवण्याच्या हौसेपायी माझं खरं नुकसान त्याआधीच झालं होतं. काळा संच घरात नव्हता तेव्हाची गोष्ट. चौथा विभाग उत्तम अवस्थेत समोर आला होता, पण तो हिरव्या कापडात पुन्हा बांधलेला होता. माझ्याकडच्या तिन्हींशी जुळत नाही म्हणून मी तो न घेता परत ठेवला. दुसरा मिळायला दोन वर्षं गेली, आणि त्या दोन वर्षांत मला अडणारे कितीतरी शब्द त्याच विभागातले निघाले. त्याची हळहळ अजून जात नाही.

मूळ कोशाचा इतिहास पाहिला तर एकसारखेपणाचा आग्रह थोडा सैल होतो. महाराष्ट्र कोशमंडळानं सात विभाग 1932 ते 1938 या काळात काढले, आणि पुरवणी आली 1950 मध्ये. म्हणजे पहिल्या घेणाऱ्यांनीही तो एकेक करूनच घेतला, आणि संपूर्ण व्हायला अठरा वर्षं लागली.

सुटे खंड घेऊन सगळे एका कापडात बांधून घ्यावेत, हा मधला मार्ग सुचतो. मलाही सुचला होता. पहिला खंड दिला. बांधणी सुरेख झाली, घडीतूनच शिवून घेतली होती, खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूदही घातला होता. पण कडा सारख्या करताना कटिंग झालं, आणि आधीच्या मालकानं समासात पेन्सिलीनं लिहिलेले शब्द अर्धे गेले. कोशात नसलेले, बहुधा त्याच्या गावाकडचे शब्द त्यानं टिपून ठेवले होते. काही आता फक्त शेवटच्या दोन अक्षरांपुरते उरले आहेत. उरलेले सात मी दिले नाहीत. बांधून घ्यायचेच असतील तर कटिंग करू नका असं बाइंडरला आधी बजावा, उंची कमी-जास्त राहिली तर राहू दे.

घरात एकच फळी असेल, वापर महिन्यातून एखादा असेल, किंवा कुणाला भेट द्यायचा असेल, तर जुळता संच घ्यायला माझी हरकत नाही. त्यातही घडीतून शिवलेला मिळाला तर प्रश्नच मिटला. फक्त विकत घेण्याआधी कुठलाही एक जाड विभाग मधोमध उघडा, टेबलावर ठेवा आणि दोन्ही हात काढून घ्या. पाठीवरचा आकडा आणि आतल्या मुखपृष्ठावरचा आकडा एकच आहे ना, तेही बघा. पुन्हा बांधलेल्या खंडांत अदलाबदल होते.

काळा संच मी फोडला नाही. एका ओळखीच्या शिक्षकांना तो आठही खंडांसह हवा होता, त्यांना दिला. माझ्या फळीवर आता लाल, मूळ कापडी, नव्यानं बांधलेला आणि कॅलेंडरवाला असे आठ उभे आहेत, सगळ्यात बुटकी पुरवणी. जास्तीचा तिसरा विभाग मी जपून ठेवलाय. ज्याला तेवढाच कमी पडत असेल, त्याला तो जाईल.