आजीची आदोळी: सात महिने वापरल्यानंतर

गेल्या चवथीच्या आधी फोंड्याच्या घरातला स्वयंपाकघराचा माळा साफ करायला घेतला. कान तुटलेली पितळी कढई, तार बांधून धरलेलं मातीचं भांडं, करवंटीच्या चार दवल्या आणि सगळ्यांच्या तळाशी गोणपाटात गुंडाळलेली आजीची विळी, म्हणजे आमची आदोळी. बाकीचं आईने परत गुंडाळून ठेवलं. आदोळी मी म्हापशाच्या फ्लॅटवर आणली आणि तेव्हापासून जवळजवळ रोज वापरतोय.

फळी फणसाच्या लाकडाची, बसून बसून गुळगुळीत झालेली. पाती धार लावून लावून इतकी झिजलीय की आता चंद्रकोरीसारखी दिसते. वय किती, ते किमतीवरून कळलं. आजी सांगायची म्हणे, "बारा एस्कुदांना घेतली." गोव्यात एस्कुद चालले १९५९ ते १९६१ एवढेच, त्याआधी पोर्तुगीज रुपिया होता आणि एका रुपियाचे सहा एस्कुद धरले. म्हणजे दोन रुपियांची वस्तू, साठीच्या पुढची.

पहिला महिना वाईट गेला. पाऊस अजून सरला नव्हता. रात्री पुसायची विसरलो की सकाळी पातीवर तांबूस थर. आता वापर झाला की लगेच धुतो, कोरडी करतो, खोबरेल तेलाचं बोट फिरवतो. त्यानंतर गंज नाही. बाजारात एकाने चाळीस रुपयांत धार लावून दिली, ती अजून पुरतेय.

नारळाचं काम मात्र अप्रतिम. याआधी ओट्याला चिकटवायची, हँडल फिरवायची खवणी होती; तिचं रबर अर्ध्या नारळातच सुटायचं. आदोळीवर नारळ कडेकडेने खवायचा, करवंटीलगतची तपकिरी साल लागायच्या आत थांबायचं. चव, म्हणजे खवलेलं खोबरं, मऊसूत पडतो. मिक्सरला खोबऱ्याचे तुकडे फिरवले तर कण राहतात, हुमणाला, म्हणजे माशाच्या कालवणाला, तो दाटपणा येत नाही. हे माझं मत. बायको अजूनही घाईच्या दिवशी मिक्सरच काढते.

पण मला खवताना एक अडचण यायची. नारळ सारखा उजवीकडे सरकायचा. नीट बघितलं तर खवणीचे डावीकडचे दाते पार बोथट, उजवीकडचे अजून टोचतात. फळीचा खोलगटपणाही मधोमध नाही. आईला फोन केला.

"अरे, ती डावखुरी होती. जेवायची तेवढी उजव्या हाताने."

चाळिशी उलटली माझी, आणि हे मला माहीत नव्हतं. माहीत व्हावं तरी कसं? मुलग्यांना ती आदोळीच्या जवळ फिरकू द्यायची नाही. मी दारातूनच "पांय सांबाळ!" ऐकायचो. आता मी किंचित तिरका बसतो, काम होतं.

तक्रारीही आहेत. गुडघे दुखतात, पंधरा मिनिटांवर बसवत नाही. केळफूल, वांगं लोखंडाला लागलं की काळं पडतं, म्हणून चिरलेलं थेट ताक घातलेल्या पाण्यात टाकावं लागतं. मासळीला ही वापरत नाही, त्यासाठी वेगळी सुरी. सोमवारी आई आली तर पहिला प्रश्न तोच असतो. घरात लहान मूल असेल तर पाती आडवी दुमडून, तोंड भिंतीकडे करून ठेवा. आमच्या आदोळीची पाती दुमडते, पण खिळा सैल झालाय, तो पावसाच्या आधी बदलायचाय.

नीरफणसाचे काप मात्र हिच्यावर सुरीपेक्षा सरस होतात. दोन्ही हात फणसावर राहतात, पाती जागची हलत नाही, जाडी सारखी येते. पिकल्या फणसाला हातांना आणि पातीला तेल लावून बसा, नाहीतर चीक निघता निघत नाही.

नवी घ्यायची असेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लोखंडी सामानाकडे बघा. पाती बोटाने हलवून पाहा, हलली तर ठेवून द्या. आमच्या खवणीचे दाते घासून सारखे करून देतो, असं धारवाला म्हणाला होता. त्याला पातीचीच धार लावायला सांगितली.