कोळशाचा उपकर की तेलाचा निधी?

गोव्यात खाणविषयक काम करणाऱ्या भाचीने विचारलं, ‘मामा, खनिजाचा पैसा सौरऊर्जेकडे वळवायचा तर नमुना कुणाचा? आपला की नॉर्वेचा?’

आधी पैसा कुठे साठतो ते पाहू. आपल्याकडे 2010 मध्ये कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर आला, 2016 पर्यंत तो 400 झाला. पण उपकर आधी संचित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या मुख्य खात्यात, जमा व्हायचा. तिथून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत किती द्यायचं, ते दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर ठरायचं. सुमारे 86,440 कोटी जमले, निधीत गेले 29,645 कोटी, प्रकल्पांना मिळाले 15,911 कोटी. 2017 मध्ये उपकरच जीएसटी भरपाईत, म्हणजे जीएसटीमुळे राज्यांचा बुडालेला महसूल भरून देण्यात, विरला. हे आकडे मला अजून टोचतात. संसदेने विनियोजन (खर्चासाठी पैसे काढण्याची परवानगी) मंजूर केलं, प्रकल्प मात्र अधिकाऱ्यांच्या आंतरमंत्रालयीन गटाने निवडले.

नॉर्वेत तेलाचा सरकारी पैसा थेट निधीत जातो आणि संसदेच्या ठरावाशिवाय बाहेर येत नाही. अर्थमंत्रालय दरवर्षी संसदेला अहवाल देतं, मध्यवर्ती बँकेवरची देखरेख समितीही संसदच नेमते. पवन-सौरसारख्या अक्षय ऊर्जा प्रकल्पांत थेट गुंतवणुकीची मुभा 2019-20 मध्ये मिळाली, तीही मर्यादेत. मात्र हा निधी फक्त परदेशात गुंतवतो.

गावात लवकर सौरपंप हवे असतील तर उपकर बरा, पण रक्कम कायद्यानेच निधीला बांधून. खाण संपल्यावरही नातवंडांना उत्पन्न हवं असेल तर नॉर्वेची रीत घ्यावी.