पिकअपच्या हँडब्रेकची नवी केबल, बसली एकदम व्यवस्थित

जुनी केबल मागच्या चाकाजवळ तुटली, वरचं रबरी कव्हर फाटून आत पाणी गेलेलं आणि तारा गंजून एकेक सुटत गेल्या, लिव्हर पार वरपर्यंत यायचा तरी गाडी उतारावर सरकायची, भीतीच वाटायची. नवी केबल जुनीच्या शेजारी ठेवून लांबी आणि दोन्ही टोकं ताडून पाहिली, तंतोतंत जुळली. बसवताना आधी अ‍ॅडजस्टरचा नट (ज्याने केबल ताणतात तो) पूर्ण ढिला करा, नाहीतर टोक अडकतच नाही. मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतील तर आधी ब्रेक शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) सेट करा, मगच केबल ताणा, लिव्हर सोडल्यावर चाक मोकळं फिरलंच पाहिजे. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका हो, स्टँड आणि पुढच्या चाकांना ठोकळे लावाच. केबल धरून ठेवणाऱ्या क्लिपा मात्र सोबत येत नाहीत, तेवढा एक स्टार कापला.