ट्रायसेप्सची तीन मशिन्स आणि योगा मॅटची घडी

भोसरी एमआयडीसीत फिक्श्चर, म्हणजे काम चालू असताना वस्तू पक्की धरणारी साधनं, डिझाइन करण्यात बावीस वर्षं गेली, त्यामुळे जिममध्येही माझी नजर आधी बेअरिंगवर जाते आणि मग आरशात. (आरशात बघण्यासारखं फारसं नाहीच.) कोथरूडमधल्या घराजवळच्या या जिममध्ये आठ महिने झाले. फी वाजवी, पंखे चालू, गाणी कर्कश. बेडकुळ्या काढायला पाच बाक आहेत. दंडाच्या मागच्या बाजूला, म्हणजे ट्रायसेप्सला, मिळून तीन मशिन्स.

पहिलं नवंकोरं, लाल गादीचं. गादीवर कोपर टेकवून हँडल खाली ढकलायचं. मशिनचा पिव्हट, म्हणजे हँडल ज्याभोवती फिरतं तो बिंदू, आणि आपलं कोपर एका रेषेत यावं, अशा मशिनची खरी अट तेवढीच. इथे सीटची भोकं दोन-दोन इंचांवर पाडलीत आणि माझी उंची नेमकी दोन भोकांच्या मधली. मग दर रेपला हँडल तळव्यात सरकतं, कोपर गादीवरून उचलतं. योगा मॅटची घडी बुडाखाली घेतली की जमतं. ट्रेनरला सांगितलं, तर म्हणाला, "काका, वजन वाढवा, मग नाही सरकणार." भोकं इंचाइंचावर पाडायला ड्रिलवर अर्धा तास पुरला असता! कॅम, म्हणजे वजनाची केबल ज्यावरून जाते ती गोल नसलेली चकती, मात्र झकास आहे. आर्थर जोन्सने १९७०च्या सुमारास नॉटिलस मशिन बाजारात आणलं, त्याचं नावच मुळी नॉटिलस या सागरी जिवाच्या शंखासारख्या कवचाची आठवण करून देणाऱ्या कॅमवरून पडलं. कॅमची त्रिज्या बदलते, तसा हातावरचा भार बदलतो. इथे हात दुमडलेला असताना हलकं लागतं, मधे जड. कोपराला झटका बसत नाही.

दुसरं केबलचं. स्टॅकवर, म्हणजे वजनांच्या चळतीवर, ४० वाचून हुरळू नका; वजन त्याच्याबरोबर वर-खाली सरकणाऱ्या पुलीवर लटकलंय, म्हणून ते केबलच्या दोन पदरांत वाटलं जातं आणि हाताशी २०च येतात. शेजारच्या टॉवरला अशी सरकती पुली नाही, तिथे ४० म्हणजे ४०. एक कॉलेजचा मुलगा महिनाभर वैतागला होता, "तिकडे गेलं की माझी ताकद अर्धी होते." त्याला कागदावर काढून दाखवलं, तेव्हा सुटला.

तिसरं वॉटर कूलरमागे, रंग उडालेलं. हात डोक्यामागून वर न्यायचे. त्याच्याकडे कोणी फिरकत नाही आणि तेच सगळ्यात कामाचं. ट्रायसेप्स स्नायूच्या तीन भागांपैकी (इंग्रजीत 'हेड') लांब भाग खांद्याच्या फऱ्यापासून निघतो, बाकी दोन दंडाच्या हाडापासून. हात वर नेला की लांब भाग चांगला ताणला जातो. जपानी संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याच माणसांचा एक हात डोक्यावर आणि दुसरा अंगालगत ठेवून १२ आठवडे व्यायाम करून घेतला. डोक्यावरचा हात जास्त भरला, तोही कमी वजनात. मला तीन महिन्यांत शर्टाच्या बाहीत फरक कळला. बायकोला अजून कळलेला नाही.

या तिसऱ्या मशिनच्या केबलचं प्लास्टिक तडकलंय, बुश (सांध्यातल्या धातूच्या नळ्या) कुरकुरतात. दोन बुश मीच टर्नरकडून करून आणले असते, पण मालकांना ते मशिन "जुनाट दिसतं". दिवाळीनंतर भंगारात काढणार म्हणे. मी भाव विचारून ठेवलाय. पार्किंगमध्ये जागा आहे, सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलायचं तेवढं राहिलंय.