हंगामभर स्लाइडमध्ये चालता डॅशबोर्ड वापरला, त्याचा अनुभव

अमळनेर-धरणगाव पट्ट्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातून रुई-सरकी वेगळी करून गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मी एमआयएस बघतो. वजनकाट्यावरच्या नोंदी, रोजची रुई-सरकी, गाठींचा हिशेब, बँकेचं स्टॉक स्टेटमेंट आणि दर सोमवारी शेठच्या केबिनमधल्या मीटिंगचं पीपीटी, हे सगळं माझ्याकडे. गेल्या दसऱ्यापासून त्या पीपीटीत एक्सेलच्या चार्टची चित्रं चिकटवणं मी सोडलं आणि पॉवर बीआयचा (मायक्रोसॉफ्टचं आकड्यांचे हलते रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) रिपोर्ट सरळ स्लाइडमध्येच बसवला. आता जिन बंद आहे, रोलर बदलायला काढलेत, म्हणून लिहायला सवड मिळाली. आठ महिन्यांत जे निघालं ते सांगतो, गोडही आणि कडूही.

पॉवरपॉइंटच्या इन्सर्टमध्ये पॉवर बीआयचं बटण असतं. हे एक अ‍ॅड-इन, म्हणजे पॉवरपॉइंटला वरून जोडलेली सोय. रिपोर्टच्या पानाची लिंक टाकली की ते पान स्लाइडवर खिडकीसारखं बसतं. स्लाइड शो चालू असतानाही त्यातला खांब दाबता येतो, केंद्र निवडता येतं, तारखा मागेपुढे करता येतात. ही सोय 2022 मध्ये प्रायोगिक म्हणून आली होती. आमच्याकडे यायला एवढा वेळ लागला, कारण आमच्याकडे प्रत्येक गोष्ट पुढच्या दसऱ्याला सुरू होते.

आधी फुकटातलं करून पाहिलं, हेही सांगतो. गुगल शीट्समधला चार्ट गुगल स्लाइड्समध्ये जोडला तर तो जोडलेला राहतो, शीट बदललं की त्यावर ‘अपडेट’चं बटण येतं. पण ते बटण आपण दाबायचं, आणि चार्ट काही हाताला लागत नाही. दाबा, ओढा, तो आपला चित्रासारखा गप्प. गुगलचाच लुकर स्टुडिओ, म्हणजे ऑक्टोबर 2022 पर्यंतचा डेटा स्टुडिओ, त्यात रिपोर्ट छान हलता होतो, पण गुगल स्लाइड्समध्ये तो तसाच्या तसा बसत नाही. लिंक द्यायची आणि भर मीटिंगमध्ये ब्राउझर उघडायचा. एकदा तसं केलं तेव्हा शेजारच्या टॅबमध्ये माझं रेल्वेचं वेटिंग तिकीट सगळ्यांनी पाहिलं. स्लाइडमध्ये वेबपान दाखवणारं दुसरं एक अ‍ॅड-इनही लावून पाहिलं. पण पुष्कळ साइट स्वतःला दुसऱ्याच्या चौकटीत उघडू देत नाहीत, मग नुसता पांढरा चौकोन दिसतो. पॉवर बीआयमध्येच ‘पब्लिश टू वेब’ आहे, त्याला लॉगिन लागत नाही. पण ज्याच्या हाती लिंक पडेल त्याला सगळं दिसतं. आमच्या धंद्यात उतारा (किती कापसातून किती रुई निघाली तो आकडा) शेजारच्या जिनवाल्याला कळणं म्हणजे तिजोरीची किल्ली खुंटीला टांगून जाणं. तो रस्ता पहिल्याच दिवशी बंद केला.

आता ज्या एका मीटिंगमुळे हे सगळं टिकलं, ती सांगतो.

जिनिंगबाहेरच्यांसाठी: शंभर किलो कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. याला उतारा म्हणतात. एका किलोचा फरक दिसायला किरकोळ, पण दिवसाला हजारभर क्विंटल कापूस असेल तर दहा क्विंटल रुई इकडची तिकडे. मार्गशीर्षात आमचा उतारा आठवडाभर घसरत होता. पूर्वीची रीत अशी: शेठ विचारणार, “का घसरला?” मी म्हणणार, “उद्या काढून देतो.” आणि उद्यापर्यंत तो कापूस गंजीत मिसळून मोकळा.

त्या सोमवारी शेठने माझ्या हातातला माउस घेतला. आम्ही चार ठिकाणी खरेदी करतो. त्यांनी एकेका केंद्राचा खांब दाबून पाहिला. तिसरा दाबला तसा बाजूचा ओलाव्याचा आकडा उसळला आणि उतारा खाली गेला. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, 8 ते 12 टक्के ओलाव्याच्या हद्दीत कापूस घेते, 8 च्या वर कपात लावते. आमच्या त्या केंद्रावरच्या गाड्या मात्र 14-15 च्या होत्या आणि कपात कुठेच दिसत नव्हती. शेठ काही बोलले नाहीत. फोन उचलून त्या केंद्रावरच्या माणसाला म्हणाले, “आजपासून ओलाव्याचं मशीन लावल्याशिवाय गाडी उतरवायची नाही.” मीटिंगला बसल्यापासून फोन ठेवेपर्यंत पंधरा मिनिटंही झाली नसतील. खांब त्यांनी स्वतः दाबला होता, म्हणून “तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी चुकलं असेल” हे नेहमीचं वाक्य त्या दिवशी कुणी म्हटलं नाही. या अ‍ॅड-इनच्या बाजूने मला एवढंच म्हणायचंय, पण हे थोडं नाही.

आता कडू.

‘लाइव्ह’ या शब्दावर जाऊ नका. आमच्या काट्याचं सॉफ्टवेअर काट्यावरच्याच पीसीवर नोंद ठेवतं. ती नोंद वर पोचवायला त्या पीसीवर गेटवे नावाचा प्रोग्रॅम सतत चालू लागतो, आणि पॉवर बीआयच्या प्रो नावाच्या विकतच्या लायसन्सवर डेटा दिवसातून जास्तीत जास्त आठ वेळा ताजा होतो, तोही ठरवलेल्या वेळेला मिनिटाबरहुकूम होईलच असं नाही. म्हणजे स्लाइडवरचा आकडा दोन-तीन तास जुना असू शकतो. शेठचे थोरले भाऊ आप्पा पहिल्याच मीटिंगमध्ये चष्मा वर करून म्हणाले, “हाऊ आकडा कालना शे का आजना?” मी ठसक्यात म्हणालो, “आजचा, आप्पा.” तो कालचाच होता. काट्यावरचा पोरगा रात्री जाताना लाइट वाचवायला पीसीसुद्धा बंद करून जायचा. डेटा वर जाण्याचा प्रयत्न लागोपाठ चार वेळा फसला की पॉवर बीआय ते वेळापत्रकच बंद करून टाकतं. मला त्याचा मेल आला होता, तो मी वाचला नव्हता. स्लाइड मात्र चकाचक, खांब रंगीत, दाबला की हलतोय. शिळं अन्न ताज्या पत्रावळीवर. चित्र चिकटवायचो तेव्हा निदान खाली तारीख लिहायचो.

तारखेचीच आणखी एक गंमत. ‘आजची आवक’ काढायला सूत्रात ‘टुडे’ वापरलं. माझ्या लॅपटॉपवर बरोबर. वर चढवल्यावर मात्र पहाटेच्या पाळीचे आकडे आदल्या दिवशी जाऊन बसायचे. दोन आठवडे मी मुनीमकाकांशी भांडलो की नोंद चुकीच्या तारखेला टाकता. काका बिचारे बरोबर होते. पॉवर बीआयच्या सर्व्हरवर ‘टुडे’ जागतिक वेळेने चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत तिथे कालचाच दिवस. जिन रात्रंदिवस चालतं, त्यामुळे आम्हाला हे टोचलं. दहा ते सहाच्या ऑफिसात कुणाच्या लक्षातही येणार नाही. जागतिक वेळ देणाऱ्या ‘यूटीसीनाऊ’मध्ये साडेपाच तास मिळवले आणि काकांना चहा पाजला.

आकडे दाखवायची पद्धत परदेशी आहे, हे दुसरं दुखणं. तुम्ही काही केलं नाही तर बारा लाख पन्नास हजार हे ‘1.25एम’ असं येतं. शेठ म्हणाले, “एम म्हणजे मण का?” हसण्यावारी नेलं, पण गाठ 170 किलोची, खंडी 356 किलोची, कापूस क्विंटलचा आणि त्यात हा ‘एम’, म्हणजे घोळाला निमंत्रणच. मी सरळ लाखाने भागून दोन दशांश ठेवले आणि शीर्षकात ‘लाख रुपये’ लिहिलं. खरेदीचा आकडा क्विंटलमध्ये, विक्रीचा खंडीत. पॉवर बीआयशी हुज्जत घालण्यापेक्षा हे सोपं.

आणखी एक, ज्याचा दोष अ‍ॅड-इनला देता येत नाही. भरलेल्या ट्रॉलीचं वजन होतं, माल उतरतो, रिकाम्या ट्रॉलीचं वजन होतं, तेव्हा निव्वळ कापूस कळतो. एखादा ट्रॅक्टरवाला घाईत रिकामं वजन न करताच सटकतो. पूर्वी संध्याकाळी काका ते निस्तरायचे आणि मग आकडा माझ्याकडे यायचा. आता तो कच्चाच स्लाइडवर चढतो. एकदा दुपारी बाराला आवक जास्त दिसली आणि चारला कमी. शेठ म्हणाले, “कापूस परत गेला का?” त्यानंतर रिकामं वजन नसलेल्या गाड्या मी बेरजेतून बाहेर काढल्या आणि खाली लाल रंगात वेगळ्या दाखवल्या. आता तो लाल आकडा बघून काट्यावर फोन जातो, हा एक फायदाच झाला म्हणा.

सगळ्यात मोठा फटका बँकेच्या कामात बसला. आमचं कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्ज, मालाच्या साठ्यावर आहे. डिसेंबरअखेरच्या साठ्याचं सादरीकरण मी याच पद्धतीने केलं आणि फाइल मेल केली. तिकडे उघडल्यावर त्यांना साठा नाही, लॉगिनची चौकट दिसली. साहजिक आहे; रिपोर्ट बघायची परवानगी आमच्या कंपनीच्या खात्यांना, बँकेला कशी असणार? मग पीडीएफ काढून दिली. मार्चमध्ये तपासणीला अधिकारी आले. त्यांच्या हातात ती पीडीएफ, माझ्या पडद्यावर मूळ फाइल. दोन्हींवर ‘डिसेंबरअखेर साठा’ असं शीर्षक आणि खाली गाठींचे दोन वेगळे आकडे. शीर्षक मी हाताने टाइप केलेलं होतं, खालची खिडकी मात्र त्या दिवशीचा साठा दाखवत होती. ते काही वेडंवाकडं बोलले नाहीत, पण पीडीएफ टेबलावर ठेवून माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती विसरणार नाही. रजिस्टरवरून सगळं जुळवून दाखवेपर्यंत दोन तास गेले.

उपाय तिथल्या तिथेच होता, मला माहीत नव्हता. खिडकीच्या पर्यायांत ‘शो अ‍ॅज सेव्ह्ड इमेज’ आहे, त्याने ती खिडकी त्या क्षणाला गोठते आणि चित्र होते. आता माझा नियम असा: मीटिंग संपली की त्या फाइलची एक प्रत करायची, सगळ्या खिडक्या गोठवायच्या, नावात तारीख घालायची. बाहेर जाणारी प्रत्येक फाइल गोठवलेली. आणि बारा स्लाइडपैकी फक्त दोन चालत्या ठेवल्यात, आवक आणि उतारा. बाकी दहांना कुणी हातच लावत नाही, तिथे चित्र पुरतं. सुरुवातीला मी बाराच्या बारा चालत्या केल्या होत्या. तेव्हा दुसऱ्या स्लाइडवरची आवक आणि आठव्यावरची आवक वेगळी दिसली, कारण एक खिडकी आधी भरली होती, दुसरी डेटा ताजा झाल्यानंतर.

बारीकसारीक: स्लाइड आली की खिडकी भरायला आठ-दहा सेकंद लागतात, तेवढ्यात आप्पा पेपर उघडतात, म्हणून मीटिंगआधी सगळ्या स्लाइड एकदा फिरवून घेतो. खिडकीत क्लिक केलं की पुढे जायचा रिमोट चालत नाही, बाहेरच्या रिकाम्या जागेत एकदा क्लिक करावं लागतं. शेठच्या मोबाइलवर ती नुसती चित्रंच राहतात. नेट गेलं की संपलं, मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवायचं. आणि पैसे: रिपोर्ट बनवणाऱ्याला आणि बघणाऱ्यालाही प्रो लायसन्स लागतं, एप्रिल 2025 पासून माणशी महिन्याला 14 डॉलर, त्याआधी 10 होते. आम्ही तीन घेतली: मी, शेठ, आणि धाकटे भाऊ. आप्पांचं घेतलं नाही, ते म्हणाले मला पडद्यावर दिसतंय तेवढं बस.

पुढच्या हंगामात चालू ठेवणार का? हो, पण त्या दोनच स्लाइड. काट्यावरच्या पीसीला वेगळा यूपीएस मागितलाय आणि त्याच्या बटणावर पुठ्ठा चिकटवलाय. प्रत्येक खिडकीच्या कोपऱ्यात डेटा शेवटचा कधी आला ती तारीख-वेळ मोठ्या अक्षरात टाकलीय, आप्पांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या.