ई-रीडर घेतल्यापासून वाचन वाढलं

वाचायला वेळच मिळत नाही असं वाटणाऱ्यांनी सहा इंची साधा ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं उपकरण, जरूर घ्यावा. माझं वाचन त्यानं खरंच वाढलं. वजन साधारण २०० ग्रॅम, त्यामुळे बसमध्ये उभं राहूनही वाचता येतं, एक हात दांडीला आणि एका हातात पुस्तक. कव्हर उघडलं की सोडलेलं पान समोर हजर. त्यामुळे रांगेतली पाच मिनिटंही वाचनाची होतात.

स्क्रीन ई-इंकची. आतले काळे-पांढरे सूक्ष्म कण विद्युतभाराने वरखाली सरकतात आणि अक्षर उमटतं. ते टिकवायला वीज लागत नाही, लागते ती पान बदलताना. स्क्रीनचा दिवा मंद ठेवला तर चार्जिंग आठवडे पुरतं. भर उन्हातही अक्षर स्वच्छ दिसतं, आणि ३०० पीपीआयमुळे (दर इंचाला ३०० ठिपके) ‘ष्ट्य’सारखी जोडाक्षरंही रेखीव.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती यातली शांतता. ना मेसेज, ना रिंग. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून हा घेऊन पडते, तेव्हा प्रकरण संपल्याशिवाय उठावंसं वाटत नाही.

पीडीएफ मात्र त्रास देते. इपब या ई-पुस्तकांच्या फाइलमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने जुळतात. पीडीएफमधलं स्कॅन केलेलं पान म्हणजे नुसतं चित्र, ते सरकवत बसावं लागतं. जुनी मराठी पुस्तकं बरीचशी अशाच रूपात मिळतात. तीच जास्त वाचणार असाल तर दहा इंची घ्या.