लार्क्सपर की डेल्फिनियम? घरी गुरं असतील तर जरा वाचा

निळ्या तुऱ्यांसाठी या दोन फुलझाडांत अडकलेले बरेच जण असतात, मी दोन्ही लावून बघितलीत म्हणून लिहितोय. आमचं घर नाशिकजवळ आहे आणि मागेच गोठा आहे, माझं मत बरंचसं त्यावर ठरलंय.

लार्क्सपर म्हणजे शास्त्रीय नावाने कन्सोलिडा अजॅसिस, एका हंगामात संपणारं. नर्सरीवाले डेल्फिनियम म्हणतात ती डेल्फिनियम इलॅटम या जातीपासून केलेली बहुवर्षायू हायब्रिड्स. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये अजॅसिसलाही डेल्फिनियमच म्हटलं होतं, मग वेगळं केलं, आणि आता डीएनएवरून कन्सोलिडा परत डेल्फिनियमच्या आतच बसतं असं दिसतंय. वाफ्यात मात्र ओळख सोपी, लार्क्सपरचं पान शेपूसारखं बारीक आणि डेल्फिनियमचं रुंद, खोल कापलेलं. फूल गळलं की लार्क्सपरला एकच शेंग धरते, डेल्फिनियमला बहुतेकदा तीन चिकटून. (आपल्या सह्याद्रीतली निळवंती पण डेल्फिनियमच, पण ती फक्त इथेच उगवते, कृपया उपटून आणू नका.)

विषारी दोन्ही आहेत. त्यांतली अल्कलॉइड्स (झाडात तयार होणारी विषारी द्रव्यं) बचनागाच्या नात्यातली, पण बचनागातलं अकोनिटीन पेशींची सोडियम चॅनल (सोडियम आत येण्याच्या वाटा) उघडी ठेवून हृदयाची लय बिघडवतं, आणि डेल्फिनियममधलं मेथिललायकॅकोनिटीन नसेकडून स्नायूला जाणारा निरोपच अडवतं, म्हणजे तो निरोप नेणारं ॲसिटिलकोलीन जिथे बसायचं ती जागा हे धरून ठेवतं. मग जनावर लटपटतं, खाली बसतं, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. अमेरिकेत पश्चिमेकडच्या डोंगराळ कुरणांवर रानटी डेल्फिनियम खाऊन गाई मरतात, हे तिथलं जुनं दुखणं आहे, मेंढ्यांना त्यामानाने बरंच सोसतं. लार्क्सपरमध्ये अजॅसिन, डेल्कोसिन वगैरे अल्कलॉइड्स असतात, तेव्हा तेही निर्धोक समजू नका.

माझं ठरलं ते पाल्यामुळे. डेल्फिनियमला लांब थंडी लागते, ती आमच्याकडे मिळत नाही, त्यामुळे रोप छान हिरवंगार होतं पण तुरा येत नाही, आला तर आखूड, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात बुडातून कुजायला लागतं. तोवर महिनोन्महिने नुसता कोवळा पाला, आणि त्या रानटी उंच जातींत विष कोवळ्या वाढीतच सगळ्यात जास्त असतं, झाड जून होईल तसं उतरतं. वासरू सुटलं की पहिली धाव हिरव्याकडेच, मग रोज दावं बघा, जाळी लावा, निंदलेलं गोठ्याकडे जाऊ नये म्हणून गड्याला परत परत सांगा. फुलं मिळाली असती तर हे सगळं आनंदाने केलं असतं.

लार्क्सपरची राखण थोड्या दिवसांची. रात्री गार व्हायला लागल्या की थेट वाफ्यातच पेरायचं, सोटमूळ असल्याने हलवलेलं सोसत नाही, आणि ऊन तापायच्या आत फुलून मोकळं होतं. यात सांभाळायचं ते बी, म्हणून मी शेंगा तडकायच्या आत तुरे कापतो. बी काळं आणि बारीक, कलौंजीशी सहज गफलत होईल असं (कलौंजी पण याच कुळातली), तेव्हा बियाण्याची पुडी स्वयंपाकघरात नको.

सिमला-कुलूकडे राहत असाल आणि दारात जनावर नसेल तर डेल्फिनियम जरूर लावा, ती उंची आणि तो भरगच्च तुरा लार्क्सपरला नाही येत. आमच्या हवेत मात्र मला लार्क्सपरच बरं वाटतं. फक्त उपटलेली रोपं उकिरड्यावर टाकू नका, गुरं तिथे तोंड घालतात, आणि वाळली तरी विष जात नाही. लांब खड्डा करून पुरा.